वणव्याचा श्लोक कुठे गेला?

दशलक्षण पर्वाला आठवडा उरला असताना इचलकरंजीतील एका कापड-व्यापारी कुटुंबाच्या मोबाइल-समूहावर घरातल्या नातीने गायिलेले भक्तामर स्तोत्र येऊन पोहोचले. तासाभरात ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, ‘जय जिनेंद्र, बेटा’ अशा चाळीसेक प्रतिक्रिया जमल्या. मुलगी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असून दुकानाचे हिशेबही तीच पाहते. आकड्यांकडे तिचे लक्ष चटकन जाते. ध्वनिमुद्रण चोवीस मिनिटांचे होते आणि पहिली शाबासकी दुसऱ्याच मिनिटाला आली होती.

हा खटाटोप तिने आजीसाठी केला होता. गुडघ्यांमुळे आजीला मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत. एका नामवंत गायिकेच्या ध्वनिमुद्रिकेवर ती वर्षानुवर्षे पहाटेचा पाठ करीत आली आहे. तीच चाल नातीने आपल्या आवाजात गायिली. अशा पुनर्गायनाला आजची पिढी ‘कव्हर’ म्हणते. आजीने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि मग विचारले, “हत्ती झाला, सिंह झाला, मग एकदम साप कसा गं आला? मधला वणवा कुठे गेला?”

दिगंबर परंपरेच्या पाठात ४८ श्लोक आहेत. त्यांतला अडतिसावा उन्मत्त हत्तीचे, एकोणचाळिसावा सिंहाचे, चाळिसावा दावानलाचे आणि एक्केचाळिसावा सर्पाचे भय दूर करणारा मानला जातो. दोन वेळा केलेल्या मुद्रणांचे चांगले तुकडे जोडताना चाळिसावा श्लोक सांध्यात गळून गेला होता. कापडाच्या गुदामाला रात्री कुलूप लावताना मुलीचे वडील नेमका हाच श्लोक म्हणतात. समूहावर ‘खूप छान’ लिहिणाऱ्यांत तेही होते.

व्यापारी घराला या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नमुना पाहून ‘माल उत्तम आहे’ म्हणणारा आणि पुन्हा कधी न फिरकणारा गिऱ्हाईक प्रत्येक पेढीला माहीत असतो. उलट परत आलेला तागा उलगडला की मागावर धागा कुठे तुटला ते दिसते. जैन आचारात तर यासाठी नेमका शब्दच आहे, आलोचना. आपला दोष गुरूपुढे आपणहून, काहीही न लपवता मांडणे, हा तिचा मूळ अर्थ. दोष आधी स्वतः सांगावा लागतो, हे त्यातले अवघड. ‘कसे वाटले?’ या प्रश्नाला नातलगांकडून ‘छान’ याखेरीज उत्तर मिळत नाही, कारण प्रश्नातच त्याची मागणी असते. मुलीने दुसऱ्या खेपेला प्रश्न बदलले आणि ते योग्य माणसांना विचारले.

मंदिरातील उपाध्यांना तिने वाद्ये काढून टाकलेला नुसता आवाज ऐकवला आणि विचारले, “कोणता शब्द चुकीच्या ठिकाणी तुटतो?” त्यांनी पहिल्याच शब्दावर बोट ठेवले. ‘भक्तामर’ म्हणजे भक्त आणि अमर, अर्थात भक्तिभावाने नमणारे देव. मुलीने लयीच्या ओघात ‘भक्ता’पाशी किंचित थांबून ‘मर’ म्हटले होते. संस्कृतात तो केवळ उच्चारदोष. मराठी कानाला मात्र आदिनाथांच्या स्तुतीच्या आरंभीच तो भलताच आशीर्वाद वाटतो! वसंततिलका वृत्ताच्या चरणात १४ अक्षरे असतात आणि समास लांबलचक असतात. श्वास चरणाच्या शेवटी घ्यावा. मध्ये घ्यावाच लागला तर समासाच्या जोडावर घ्यावा, शब्द चिरून नव्हे, असे त्यांनी सांगितले. दोन ठिकाणी दीर्घ अक्षर ऱ्हस्व झाल्याचेही त्यांनी दाखवले.

पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या मामेभावाचे आक्षेप निराळे होते. स्तोत्र गुदामात मुद्रित केले होते. कापडाच्या ताग्यांच्या राशी प्रतिध्वनी शोषून घेतात, त्यामुळे ती जागा उत्तम. भांड्यांच्या दुकानात हेच काम अशक्य झाले असते. पण कापड वरचे स्वर शोषते, खालचे फारसे नाही. म्हणूनच शेजारच्या यंत्रमागांची घरघर ताग्यांना ओलांडून मुद्रणात उतरली होती. शंभर हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याखालचा भाग गाळून तिचा बराच अंश काढता येतो. मुलीच्या आवाजाला त्याने धक्का लागत नाही. दुसरा दोष महाप्राण अक्षरांचा. ‘भ’, ‘ध’, ‘फ’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकवर ‘धप्’ असा आघात होतो. स्तोत्राचे पहिले अक्षरच ‘भ’! माइक ओठांच्या अगदी समोर न धरता वीतभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवावा आणि मध्ये पातळ कापडाची चौकट धरावी, हा त्यावरचा उपाय. कापडाची त्या घरात वाण नव्हती.

खरा वाद झाला तो गाजेवरून. मंदिराच्या घुमटात गायिल्यासारखे वाटावे म्हणून मुलीने आवाजावर कृत्रिम घुमारा चढवला होता. हेडफोनवर तो भव्य वाटे. “हे तू कुणासाठी केलं आहेस?” मामेभावाने विचारले. आजी हेडफोन लावत नाही. ती उशाशी ठेवलेल्या साध्या मोबाइलवर ऐकते. तेवढ्याशा स्पीकरमधून तंबोऱ्याचा खर्ज जवळजवळ येतच नाही आणि घुमारा मात्र सगळा येतो. त्यातच वयानुसार माणसाला वरच्या पट्टीतले ध्वनी कमी ऐकू येतात, आणि व्यंजनांची ओळख बरीचशी त्याच ध्वनींवर अवलंबून असते. घुमाऱ्यात एका अक्षराची शेपटी पुढच्यावर पडली की जोडाक्षरांनी भरलेले संस्कृत नुसते गुणगुणणे होऊन जाते. आजीला श्लोक कळले ते पाठ होते म्हणून. घुमारा काढायला मुलगी दोन दिवस तयार नव्हती, कारण तो गेल्यावर आवाजातला कंप उघडा पडत होता.

मूळ ध्वनिमुद्रिकेशी तुलना करतानाही तिची गफलत झाली होती. दोन मुद्रणांपैकी ज्याची पातळी मोठी, ते कानाला अधिक चांगले वाटते. म्हणून दोन्हींची पातळी समान करून, आणि रात्रभराची विश्रांती घेऊन ताज्या कानाने ऐकायचे असते.

घरापुरते गाणे निराळे आणि विक्रीला किंवा सार्वजनिक प्रसारणाला देणे निराळे, हेही व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. स्तोत्र प्राचीन असले, तरी आधुनिक संगीतकाराने बांधलेली चाल हक्काची असू शकते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, कव्हर-मुद्रण काढायचे तर मूळ मुद्रण झालेल्या वर्षानंतर ५ वर्षे जावी लागतात आणि पूर्वसूचना व मानधन द्यावे लागते.

भाद्रपद शुद्ध पंचमीला पर्वाच्या पहिल्या पहाटे नवे मुद्रण आजीच्या उशाशी लागले. घुमारा नव्हता, कंप थोडासा होता, माग जवळजवळ ऐकू येत नव्हते. वडील दारात उभे राहून ऐकत होते. चाळिसावा श्लोक आला तेव्हा त्यांचेही ओठ हलले. आजीने शेवटी एवढेच म्हटले, “आता मला तुझ्याबरोबर म्हणता येतं. पण सापाच्या श्लोकाला फार घाई करतेस.”

एक्केचाळिसावा श्लोक त्याच दुपारी पुन्हा मुद्रित झाला.