तेल, तूप आणि मुलाची धाप

मुलाला बाळदमा आहे असं कळलं की घरात पहिली संक्रांत येते ती तेलातुपावर. तळण बंद, वरणभातावरची तुपाची धारही बंद. मुलाचं वजन फार वाढलं असेल तर हात आखडायलाच हवा, कारण लठ्ठपणाने दमा बळावतो. पण हडकुळ्या पोराचं तूप तोडून काय साधणार? तेल किती, याहून कोणतं, हे आधी बघावं.

खाल्लेली स्निग्धाम्लं सगळीच जळून जात नाहीत. काही पेशींच्या आवरणात जाऊन बसतात. सूर्यफूल, करडई, मका या तेलांत ओमेगा-६ गटातलं लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि शरीर त्यातल्या थोड्यापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनवतं. धूळ, परागकण किंवा सर्दीचा विषाणू श्वासनळीत शिरला की तिथल्या पेशी आवरणातलं हे आम्ल मोकळं करतात आणि त्यापासून ल्युकोट्राइन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी नळीभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, चिकट कफ सुटतो. श्वास सोडताना मुलाच्या छातीतून सूं सूं ऐकू येते ती या अरुंद झालेल्या वाटेमुळे. रात्री चघळायला देतात ती माँटेलुकास्टची गोळी याच ल्युकोट्राइनची वाट अडवते.

माशांतली ओमेगा-३ आम्लं, ईपीए आणि डीएचए, त्याच आवरणात जागा मिळवतात. ईपीएपासूनही ल्युकोट्राइन बनतात, पण बरेच दुबळे.

हे प्रत्यक्षात उतरतं का? डेन्मार्कमध्ये ७३६ गर्भवतींपैकी निम्म्यांना शेवटच्या तिमाहीत रोज २.४ ग्रॅम ओमेगा-३ दिलं, बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. २०१६ साली निष्कर्ष आले: पहिल्या गटातल्या १६.९ टक्के मुलांना दमा किंवा सततची घरघर, दुसऱ्यात २३.७ टक्के. ज्या आयांच्या रक्तात ओमेगा-३ मुळात फार कमी होतं, त्यांच्या मुलांत हा फरक १७.५ आणि ३४.१ असा पडला. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: ज्यांच्याकडे उणीव, त्यांनाच खरा लाभ.

सिडनीत मात्र जन्मानंतर मुलांना माशाचं तेल देऊन पाहिलं, तर पाचव्या वर्षी दम्याचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. तेव्हा दमा जडलेल्या मुलाचा पंप माशाच्या तेलाच्या भरवशावर बंद करणं धोक्याचं आहे.

बांगडा, तारली हे आपल्या किनाऱ्यावरचे स्वस्त मासे ओमेगा-३ने समृद्ध आहेत. तळण्यापेक्षा तिखलं किंवा कालवण बरं. शाकाहारी घरांत जवसाची चटणी जरूर असावी, पण जवसातलं ओमेगा-३ वेगळं असतं आणि शरीर त्यातल्या फार थोड्याचं ईपीए करतं. गर्भवतीला मासे चालत नसतील, तर शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या कॅप्सूल मिळतात. त्या घ्यायच्या का आणि किती, हे तिच्या डॉक्टरांना विचारावं.