अख्खं घर तोडणीला

नाब्लुस शहराच्या दक्षिणेला, वेस्ट बँकच्या टेकड्यांवर, ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबरात सुरू होते. पहिल्या पावसानं फळांवरची उन्हाळ्याची धूळ धुऊन काढली की कामाला लागायचं, ही तिथली जुनी रीत. मी ज्या पॅलेस्टिनी कुटुंबाबरोबर गेले होते, ते सकाळीच शेतावर हजर होतं. आजी, मुलगे, सुना, शाळकरी नातवंडं होतीच, शिवाय शहरात नोकरी करणारा पुतण्याही रजा काढून आलेला. शेजारचं घरही मदतीला होतं. त्यांच्या झाडांची पाळी आली की हे सगळे तिकडे जाणार.

आधी झाडाखाली ताडपत्री अंथरतात. उताराच्या बाजूची कड दगडांवर उचलून ठेवतात, नाहीतर फळं घरंगळत खालच्या टप्प्यावर जातात. उंच फांद्यांसाठी शिड्या आणि प्लास्टिकच्या फण्या. आजीचं काम मात्र नुसत्या हातांचं. डाव्या हातानं फांदी धरायची आणि उजव्या हाताची बोटं वाकवून ती टोकाकडे ओढत न्यायची. हिरवी, जांभळी, काळी फळं सरसर खाली पडत होती, पानं मात्र बहुतेक जागेवरच.

धाकट्या नातवानं काठी उगारली, तशी आजीनं लगेच त्याला दटावलं. यंदा फुटलेल्या कोवळ्या डहाळीवरच पुढच्या वर्षीचं फळ धरतं. झोडपलं तर आजचं काम लवकर उरकतं, पण पुढचं पीक मोडून पडतं. आधीच हे झाड आपल्या हापूससारखं एका वर्षी भरभरून देणारं आणि दुसऱ्या वर्षी हात आखडणारं.

दुपारचं जेवण झाडाखालीच झालं: भाकरीसारखी जाड रोटी, झातरचा मसाला, टोमॅटो आणि गेल्या हंगामातलं तेल.

संध्याकाळी गोण्या थेट घाण्यावर गेल्या. फळं गोणीत साचून राहिली की तापतात, आंबतात आणि तेल बिघडतं. पूर्वी जनावर जुंपून दगडी चाक फिरवत. आता यंत्रं आहेत. पाला उडवून फळं धुतात, बियांसकट चुरडतात, लगदा बराच वेळ घुसळतात आणि मग वेगानं फिरवून तेल वेगळं काढतात. चार-पाच किलो फळांमागे साधारण किलोभर तेल मिळतं. प्रत्येक घराचा माल वेगळा गाळला जातो आणि आपली पाळी येईपर्यंत घरातलं कोणी तरी तिथून हलत नाही. नळीतून गढूळ हिरवी धार सुरू झाली, तशी सगळ्यांनी रोटीचे तुकडे पुढे केले. ताजं तेल कडसर लागतं, घशाला झोंबतं. चोथाही फुकट जात नाही. वाळवून तो जळणाला वापरतात. याच तेलापासून नाब्लुसचा साबण बनवण्याची परंपरा २०२४मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

ही तोडणी जमिनीशीही बांधलेली आहे. १८५८च्या उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या कायद्यानुसार सलग तीन वर्षं पडीक राहिलेली जमीन सरकारजमा होऊ शकत असे. त्याचाच आधार घेऊन इस्रायलनं वेस्ट बँकमधली पुष्कळ जमीन सरकारी ठरवली. त्यामुळे झाडाची निगा राखणं म्हणजे हक्क राखणंही आहे. इस्रायलनं २००२पासून उभारलेल्या भिंतीपलीकडे ज्यांची झाडं राहिली, त्यांना आपल्याच शेतात जायला परवाना लागतो आणि फाटक उघडण्याची वाट पाहावी लागते. ऑक्टोबर २०२३मध्ये गाझातलं युद्ध सुरू झाल्यानंतर असे कितीतरी परवाने थांबले. इस्रायली वसाहतींमधल्या लोकांनी झाडं तोडल्याच्या, जाळल्याच्या, तयार माल पळवल्याच्या घटना जवळपास प्रत्येक हंगामात नोंदल्या जातात.

बेथलेहेमजवळच्या अल-वलजा गावात हजारो वर्षांचं मानलं जाणारं ऑलिव्हचं झाड आहे. शेजारच्या बत्तीर गावाचे शेतीचे दगडी टप्पे २०१४मध्ये जागतिक वारसा ठरले. असा मान मिळायलाच हवा. पण टप्प्याचा ढासळलेला दगड कुणीतरी पुन्हा रचतं, फांद्या छाटतं, नातवाच्या हातातली काठी खाली ठेवायला लावतं, म्हणून तो वारसा टिकतो. तोडणीचं एक वर्ष हुकलं की पीक जातंच, शिवाय मुलांचं एक वर्षाचं शिकणंही जातं. या झाडांना पॅलेस्टाईनचा वारसा म्हणायचं असेल, तर ती लावणाऱ्यांना दर ऑक्टोबरात त्यांच्यापर्यंत निर्धास्तपणे पोचता आलं पाहिजे. वारसा जपण्याची सुरुवात तिथूनच होते.