सोड्याच्या भट्टीतली किटली

सोडा-भट्टीत भाजलेल्या चहाच्या किटलीला बाहेरून झिलई लावलेली नसते. फार तर पातळ मातीचा एक हात दिलेला असतो. भट्टी ऐन तापात आली की तीत सोडा सोडतात. त्याची वाफ ज्वाळांबरोबर भांड्यांमधून फिरते आणि मातीतल्या सिलिका व अल्युमिनाशी संयोग होऊन पृष्ठभागावर काच धरते. झिलईचा बराचसा माल असा भांड्याच्या अंगातूनच येतो. त्यामुळे माती बदलली की झिलईही बदलते.

या पद्धतीचे मूळ मिठात आहे. जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यातले कुंभार पंधराव्या शतकापासून तापलेल्या भट्टीत मीठ फेकत आले. इंग्लंडमध्ये जॉन ड्वाइट याने १६७२ साली अशा दगडासारख्या घट्ट भांड्यांचे पेटंट मिळवले. आपल्याकडे मिठाची झिलई घराघरात पोचली ती सांडपाण्याच्या तपकिरी, गुळगुळीत पाइपांमधून; त्यांच्यासाठी आयएस ६५१ हे भारतीय मानक आहे. गटारातल्या पाइपाचे आणि शौकिनाच्या किटलीचे हे नाते सहसा कोणी सांगत नाही. मिठाची अडचण अशी की धुराड्यातून हायड्रोजन क्लोराइडची आम्लधर्मी वाफ बाहेर पडते. म्हणून १९७०च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः आल्फ्रेड विद्यापीठात, मिठाऐवजी धुण्याचा आणि खाण्याचा सोडा वापरून पाहिला गेला. त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते.

माती मात्र साधी चालत नाही. गावच्या आव्यात माठ साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजतात. माठ झिरपतो म्हणूनच पाणी गार राहते. किटली झिरपली तर उपयोग नाही. सोडा-भट्टी १,२५० ते १,३०० अंशांपर्यंत नेतात, आणि तिथे लाल माती फुगते, बसते, वितळते. त्यासाठी उष्णता सोसणारी, भाजल्यावर दगडासारखी घट्ट होणारी माती लागते. तिच्या भांड्यांना स्टोनवेअर म्हणतात. विदर्भातल्या कुंभारकामाला आव्यापलीकडचे हे तंत्र शिकवण्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या ग्रामोदय संघाचा वाटा मोठा. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली तो उभा केला. विदर्भातच भंडाऱ्याकडे, शहापूरच्या बाजूला, मात्र भांडे म्हटले की आधी पितळच आठवते. मातीच्या भांड्यांचा विचार तिथे माठ, पणती आणि कवेलूपाशी थांबतो.

किटली ही चाकावरच्या कारागिराची खरी परीक्षा असते. पोट, झाकण, तोटी आणि मूठ असे चार भाग वेगवेगळे घडवायचे आणि माती ना ओली ना कोरडी अशा बेताला आली की खरवडून, मातीची पातळ खीर लावून जोडायचे. भागांचा ओलावा सारखा नसेल तर सांधा तडकतो. तोटी जिथे बसते तिथे पोटाला चहापत्ती अडवणारी बारीक छिद्रे पाडतात. तोटीचे टोक पोटाच्या काठाइतके तरी वर हवे, नाहीतर भरतानाच चहा बाहेर येतो. टोकाची कड बोथट राहिली तर शेवटचा थेंब ओघळून खाली उतरतो. चाकावर ओढलेल्या तोटीत पीळ राहतो आणि भट्टीत तो थोडा सुटतो. म्हणून जाणते हात टोक किंचित उलट्या तिरकसात कापतात. झाकणालाही हवेसाठी एक छिद्र लागते, नाहीतर धार अडखळते.

पहिली भाजणी सुमारे १,००० अंशांना होते. सोड्याची वाफ बंद पोटात शिरत नाही, म्हणून आतून साधी झिलई ओततात. मग सोडा-भट्टीत किटली आणि झाकण एकत्रच भाजतात. मध्ये, तसेच बुडाखाली, अल्युमिना आणि पांढऱ्या चिनी मातीच्या छोट्या गोळ्या ठेवतात. त्या नसतील तर झाकण कायमचे चिकटेल. शेवटच्या टप्प्यात गरम पाण्यात विरघळवलेला सोडा भट्टीच्या भोकांतून फवारतात. वाफ किती बसली हे पाहण्यासाठी आत मातीच्या कड्या टांगलेल्या असतात. सळईने एकेक ओढून काढायची, गार करायची आणि तिच्यावरची चकाकी पाहून पुढचा फवारा ठरवायचा.

सोडा मिठाइतका चौफेर पसरत नाही. ज्वाळेसमोरची बाजू जाड काचेची होते, कधी तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे उठतात. आडोशाची बाजू कोरडी, तांबूस-नारिंगी राहते. तोटीच्या मागे तर तोटीची सावलीच उमटते. भट्टीत कोणते भांडे कुठे आणि कोणाच्या आड ठेवायचे, हेच इथले रंगकाम. गडद तपकिरी हवा असेल तर बाहेरच्या मातीच्या थरात मॅंगनीज मिसळता येते, आणि भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गची खाण त्याच्या धातुकासाठीच प्रसिद्ध आहे.

सोडा भट्टीलाही सोडत नाही. विटांवर दर भाजणीत काच चढते आणि सिलिकाची वीट हळूहळू खाल्ली जाते. अल्युमिना जास्त असलेली वीट अधिक टिकते. अशा विटांसाठी लागणारी कायनाइट आणि सिलिमनाइट ही खनिजे भंडारा जिल्ह्यात सापडतात. कायनाइट सुमारे १,३५० अंशांपुढे म्युलाइटमध्ये बदलते आणि बदलताना फुगते. म्हणून ते आधी भाजून मगच वापरणे बरे.

अशी किटली गॅसवर ठेवायची नसते. स्टोनवेअरला थेट ज्योत सोसत नाही, एका जागी ताप बसला की ते तडकते. चहा पातेल्यात उकळून किटलीत गाळावा, किंवा कोरी पत्ती घालून उकळते पाणी ओतावे. त्याआधी किटली गरम पाण्याने विसळून घ्यावी. तोटीत अडकलेली पत्ती लांब, बारीक ब्रशने त्याच दिवशी काढलेली चांगली, कारण छिद्रे एकदा बुजली की धार पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.