भाड्याचा बंगला, दूरस्थ काम आणि देश-कालविचार

चिकित्सेपूर्वी देश आणि काल पाहावा, हे आपण सर्वजण पदवी अभ्यासक्रमापासून शिकत आलो आहोत. प्रत्यक्ष व्यवसायात मात्र रुग्णाचा पत्ता केसपेपरवर एकदाच लिहिला जातो. तो पुढे बदलला असेल, हे सहसा मनात येत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून हा विचार नव्याने करणे आवश्यक झाले आहे. मुंबई, ठाणे, पुणे येथील नोकरदार लॅपटॉपवर कार्यालयाचे काम घेऊन कर्जत व खालापूर तालुक्यांत बंगला किंवा फार्महाऊस भाड्याने घेऊन राहू लागले. पुढे कार्यालये उघडली, तरी महिन्यातील काही दिवस येथून काम करणारा वर्ग टिकून आहे. कर्जतपर्यंत लोकल आणि खालापुरातून जाणारा द्रुतगती मार्ग यांमुळे ते सोयीचेही आहे.

या रुग्णांचा प्रश्न बहुधा एकच असतो: "मोकळ्या हवेत येऊनही आम्लपित्त, मलावष्टंभ आणि मानदुखी का जात नाही?" त्याचे उत्तर आपल्या शास्त्रात आहे.

देश

कोकण हा आनूप देश. मुंबई आनूप, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास व पाताळगंगेच्या खोऱ्यांत वसलेला हा भागही आनूपच. म्हणजे मुंबईकराचा देश फारसा बदलत नाही. धूळ, गोंगाट आणि लोकलची दगदग तेवढी कमी होते. पुण्याच्या कोरड्या हवेतून येणाऱ्यास मात्र हा बदल मोठा असतो. पावसाळ्यात येथे आल्यावर त्याची संधिशूल, प्रतिश्याय किंवा श्वासाची तक्रार वाढली, तर आश्चर्य वाटू नये.

काल

खरी अडचण कालाची आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे, तेथील ऋतुमानानुसार, सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. तेथील कार्यालयाशी जोडलेला मनुष्य कशेळ्यात राहो वा चौकला, त्याची दिनचर्या अमेरिकेच्या घड्याळाने चालते. रात्रिजागरणाने रूक्षता व वात वाढतो. भोजनोत्तर दिवास्वापाने स्निग्धता व कफपित्त वाढते. हे दोन्ही एकाच शरीरात रोज घडत असताना केवळ हवापालटाने गुण येईल कसा?

सवय नसताना जागरण घडल्यास त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी झोपावे, असा वाग्भटाचा निर्देश आहे. त्यातील 'उपाशीपोटी' हा भाग रुग्णास आवर्जून समजावून द्यावा. पहाटे काम संपल्यावर न खाता झोप पूर्ण करावी. न्याहारी किंवा जेवण झाल्यावर पुन्हा आडवे होऊ नये. रात्रीचे भोजन काम सुरू होण्यापूर्वी घ्यावे. मध्यरात्री भूक लागलीच तर मुगाचे कढण पुरे.

ऋतू

वर्षा ऋतूत अग्नी मंद, वात प्रकुपित आणि पित्ताचा संचय सुरू झालेला असतो. नेमक्या याच दिवसांत हिरवाईसाठी येणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि रात्री उशिरा मांसाहाराचे बेत होतात. जुने धान्य, उकळून गार केलेले पाणी आणि ताजे, गरम, लघु अन्न हा नियम येथे कटाक्षाने सांगावा. पावसाळ्यात विहिरीचे व बोअरचे पाणी गढूळ होत असल्यास ते न उकळता पिऊ नये. कुळथाचे पिठले वातकफास हितकर असले, तरी आम्लपित्ताच्या रुग्णास ते बेताने द्यावे. याउलट रायगडची पोपटी ही थंडीतली. वाल गुरू व विष्टंभी खरा, पण हेमंतात अग्नी बलवान असल्याने प्रकृती पाहून तो पचतो. तोच आहार आषाढात मागणे हा ऋतुविरोध होय.

दूरध्वनीवरील सल्ला

आयुर्वेद वैद्यांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे शहरातील वैद्य आणि बंगल्यातील रुग्ण यांचा संबंध टिकला. पण येथेच सावधपणा हवा. "सध्या आपण कोठे आहात?" हा आपला पहिला प्रश्न असावा. भातखाचरात किंवा साचलेल्या पाण्यात अनवाणी फिरलेल्या रुग्णास ज्वर, तीव्र अंगमर्द व पिंडऱ्यांत वेदना असतील, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून त्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. तो ज्वर दूरध्वनीवर काढा सांगण्याचा नव्हे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचा वावर कोकणात आहे. दंश झाल्यास बांधणे, चिरणे, चोखणे यांत वेळ न घालवता, दंशाचा अवयव स्थिर ठेवून, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तात्काळ न्यावे. असे जवळचे रुग्णालय कोणते, ही चौकशी मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी करून ठेवावी, असे रुग्णास बजावणे आपले कर्तव्य आहे.

औषध विक्रेत्यांसाठी

चूर्ण दोन महिन्यांनंतर आणि गुटिका व अवलेह एका वर्षानंतर हीनवीर्य होऊ लागतात, असे शार्ङ्गधराने सांगितले आहे. आजच्या बंदिस्त डब्यांमुळे त्यात फरक पडतो, परंतु डबा उघडल्यावर पावसाळी हवेत चूर्णाच्या गुठळ्या होण्यास वेळ लागत नाही. या भागात राहणाऱ्या रुग्णास तीन महिन्यांचे चूर्ण एकदम देऊ नये. लहान, घट्ट झाकणाचे डबे द्यावेत आणि 'कोरडा चमचा वापरावा' ही सूचना वेष्टनावर लिहावी. वैद्यांनीही शक्य तेथे गुटिका योजाव्यात.

रुग्णाचा मुक्काम, त्याच्या कामाचे तास आणि ऋतू ही तीन उत्तरे केसपेपरवर दर भेटीस नव्याने लिहिली, तर बरेचसे निदान तेथेच स्पष्ट होईल आणि आणीबाणीचा ज्वर किंवा दंश वेळीच ओळखता येईल. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी येत्या वर्षा ऋतूपासून हा प्रघात सुरू करावा, अशी विनंती आम्ही करतो.