समासांतील शेतकरी

इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्याचा जहागीरदार सर जेफ्री लट्रेल यानें सुमारें १३२५ ते १३४० च्या दरम्यान एक स्तोत्रग्रंथ लिहवून घेतला. युरोपांत मुद्रणकला अवतरण्यास अद्याप शंभर वर्षें होतीं. म्हणून चर्मपत्राच्या ३०९ पत्रांवर लेखणीनें लॅटिन स्तोत्रें उतरलीं, आणि रंगांनीं व सोन्याच्या वर्खानें तीं सजलीं.

ग्रंथाचें खरें नवल त्याच्या समासांत आहे. मजकूर देवाचा, परंतु कडेच्या मोकळ्या जागेंत चित्रकारांनीं शेतीचीं कामें रेखाटलीं आहेत. चार बैलांचा नांगर चालला आहे. कोणी बीं फेंकीत आहे, तर कोणी गोफणीनें कावळे हांकीत आहे. स्त्रिया विळ्यांनीं कापणी करितात, पुरुष दांडक्यांनीं धान्य झोडतात. जवळच माणसाच्या तोंडाचे चमत्कारिक पशूहि आहेत.

हीं चित्रें म्हणजे जसेंच्या तसें वास्तव नव्हे. ग्रंथाचा खर्च धन्याचा. त्याच्या नजरेस रुचावी अशीच नीटनेटकी शेती त्यांत दिसते. तथापि १३४८ सालीं इंग्लंडांत शिरलेल्या महामारीनें निदान तृतीयांश प्रजा नेली. त्यापूर्वींचे कष्टकरी हात येथें शिल्लक राहिले आहेत.

सर जेफ्री १३४५ सालीं वारला. ब्रिटिश म्यूझियमनें १९२९ सालीं विकत घेतलेला हा ग्रंथ आतां लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. जहागीरदारानें त्यांत आपलें अश्वारूढ चित्रहि काढविलें होतें. पण अभ्यासकांची दृष्टि त्या निनांवी नांगऱ्यावरहि तितकीच खिळते.