आधी जमीन मोजा, मग यंत्र

अमेरिकेत शहराबाहेर घर घेतलं की घराबरोबर दोन-तीन एकर जमीन वाट्याला येणं नवलाचं नाही. एक एकर म्हणजे आपले चाळीस गुंठे. तीन एकर गवत ढकलायच्या यंत्राने कापायला घेतलं, तर एप्रिल ते ऑक्टोबर प्रत्येक शनिवार-रविवार त्यातच खर्ची पडतो. म्हणून बसून चालवायचं यंत्र, म्हणजे राइडिंग मोअर, तिथल्या घरोघरी दिसतं. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये मोठ्या आवाराचं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांपुढेही ही खरेदी येते. दुकानात बोलणं सुरू होतं ते इंजिन किती हॉर्सपॉवरचं आणि पात्यांचा डेक किती इंची, इथपासून. पण हे प्रश्न दुसऱ्या टप्प्यावरचे आहेत. आपल्या जमिनीपैकी नेमका किती भाग कापलेला हवा, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर ठरलं की यंत्राचा आकार, किंमत, देखभाल आणि धोका या चारही गोष्टी बऱ्याच अंशी ठरून जातात. आणि ते उत्तर बहुतेकदा सुरुवातीच्या अंदाजापेक्षा लहान निघतं.

साधा हिशेब मांडून पाहू. ४२ इंची डेकचं यंत्र ताशी चार मैल वेगाने चाललं, तर कागदावर ते तासाला सुमारे १.७ एकर कापतं. वळणं, झाडांभोवतीचे फेरे आणि आधीच्या पट्ट्यावर थोडं चढवून घ्यावं लागणारं पातं यांत साधारण पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तर हाती उरतो तासाला १.३५ एकरांच्या आसपास वेग. म्हणजे तीन एकरांना सव्वादोन तासांच्या जवळपास लागतात. आता डेक ५४ इंची घेतला, तर त्याच वेगाने हेच काम पावणेदोन तासांत होतं. बरेच जास्त पैसे मोजून वाचला तो अर्धा तास. याउलट यंत्र ४२ इंचीच ठेवलं आणि कापायचं क्षेत्र निम्म्यावर आणलं, तर प्रत्येक खेपेला तासाहून अधिक वेळ वाचतो, तोही एक पैसा जास्त न देता. शिवाय रुंद डेक दाट झाडांमधून आणि अरुंद फाटकातून जात नाही, आणि उंचसखल जमिनीवर उंचवटे खरवडून टाकतो.

आता गवताच्या बाजूने पाहू. गवताची वाढ शेंड्यापासून होत नाही. पानाच्या आणि पेराच्या बुडाशी असलेल्या पेशी विभागून पान वर ढकलत राहतात, म्हणूनच वारंवार कापूनही गवत जगतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लॉनमध्ये बर्म्युडा गवत म्हणून जपलं जातं ती आपली हरळीच, आणि ती किती चिवट असते हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पण या चिवटपणालाही मर्यादा आहे. अमेरिकी कृषी खात्यातले संशोधक फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की एका वेळी निम्मा किंवा त्याहून जास्त पाला छाटला की मुळांची वाढ काही काळ थांबते. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पान कापू नये, या नियमाला अशा निरीक्षणांचा आधार आहे. गवत तीन इंचांवर राखायचं असेल, तर ते साडेचार इंच होण्याच्या आत कापलं पाहिजे. क्षेत्र आवाक्याबाहेरचं असलं की हा नियम मोडतोच, कारण एक आठवडा पावसात गेला की पुढच्या आठवड्यात अर्धं पान एकदम उडवावं लागतं.

पात्याचंही तसंच आहे. ४२ इंची डेकखाली बहुधा दोन पाती असतात आणि ती मिनिटाला सुमारे साडेतीन हजार फेरे घेतात. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या पुढे जाऊ नये, अशी अमेरिकी मानकांची मर्यादा आहे. म्हणजे ताशी सुमारे ३५० किलोमीटर. एवढ्या वेगात धारदार पातं पान स्वच्छ कापतं, बोथट पातं ते फाडतं. कापणीनंतर दुसऱ्या दिवशी वाकून एक पान हातात घेतलं तर फरक लगेच कळतो. धारेने कापलेल्या पानाचा शेंडा सरळ असतो. फाटलेल्या पानाच्या शेंड्याला पांढरट तुसं सुटलेली दिसतात, ती वाळून तपकिरी होतात, तिथून पाणी उडतं आणि बुरशीला वाट मिळते. साधारण पंचवीस तासांच्या कामानंतर पात्याला धार लावावी आणि पन्नास तासांनी इंजिनचं तेल बदलावं, हा ढोबळ ठोकताळा. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत असतो. क्षेत्र निम्मं झालं की यंत्राच्या कामाचे तासही निम्मे होतात.

निवडीत वेगाच्या आधी उतार पाहायला हवा. राइडिंग मोअरसाठी साधारण पंधरा अंशांच्या वरचा उतार वर्ज्य मानतात. म्हणजे शंभर फूट आडव्या अंतरात सत्तावीस फुटांची चढण. मोबाइलमधल्या कोनमापकाने हे आधीच मोजता येतं. जागच्या जागी वळणारी झीरो-टर्न यंत्रं सपाट, मोकळ्या जागी झपाट्याने काम उरकतात. पण त्यांचं वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांवर अवलंबून असतं, पुढची चाकं नुसती भिरभिरतात. ओल्या उतारावर मागची चाकं घसरली की चालकाच्या हातात काहीच उरत नाही. चढ-उताराच्या जमिनीवर पुढच्या चाकांनी वळणारा लॉन ट्रॅक्टर जास्त भरवशाचा, आणि तोही उतारावर आडवा न चालवता वर-खाली चालवायचा. हॉर्सपॉवरच्या आकड्यावर फार विसंबू नये. हे आकडे फुगवून सांगितले जातात, अशा तक्रारींचा मोठा खटला अमेरिकेत २०१० मध्ये तडजोडीने मिटला. खरी झीज ट्रान्समिशनची होते. स्वस्त यंत्रांतलं बंदिस्त हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन चढावर तापतं, तेल पातळ होतं, दाब घटतो आणि यंत्राची ओढ कमी होते. म्हणून दोन हॉर्सपॉवर जास्त घेण्यापेक्षा, तेल बदलता येईल असं दणकट ट्रान्समिशन घेण्यात शहाणपण आहे.

कमी कापण्याचा फायदा एका घरापुरता नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नासात काम करणाऱ्या क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार अमेरिकेतली घरांची लॉन, उद्यानं आणि गोल्फची मैदानं मिळून सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर गवताखाली आहेत. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरतं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड शहरात सुसाना लर्मन आणि सहकाऱ्यांनी काही घरांची लॉन दर एक, दोन आणि तीन आठवड्यांनी कापून पाहिली. दोन आठवड्यांनी कापलेल्या लॉनवर मधमाश्यांची संख्या सर्वाधिक भरली, आणि तीन आठवड्यांनी कापलेल्या लॉनवर फुलं अडीच पटींपर्यंत वाढली. महागडं बियाणं, खत किंवा खास मशागत यातलं काहीच लागलं नाही. यंत्र फक्त कमी वेळा बाहेर काढलं.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला गोचिडांचा. अमेरिकेच्या ईशान्य भागात त्यांच्यामुळे लाइम रोग पसरतो, त्यामुळे ही भीती अनाठायी नाही. स्प्रिंगफिल्डच्याच लॉनवर केलेल्या पाहणीत कापणीच्या वेळापत्रकाने गोचिडांत फरक पडल्याचं आढळलं नाही. पण हा निष्कर्ष लॉनपुरता आहे, रानालगतच्या उंच गवताला तो लावता येणार नाही. म्हणून मुलांच्या वावराची जागा आखूड ठेवावी, आणि लॉन व रान यांच्यामध्ये लाकडाच्या चिपांचा तीन फुटांचा पट्टा ठेवावा, हा अमेरिकी रोग नियंत्रण केंद्राचा सल्ला पाळावा. दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा आणि नगरपालिकेचा. अनेक गावांत गवताच्या उंचीचे नियम असतात. ते आधी वाचावेत. नियमात बसत असेल तिथे रस्त्याकडेचा पट्टा आणि मधल्या वाटा नेटक्या कापल्या की न कापता कुरण म्हणून सोडलेला उरलेला भाग मुद्दाम राखलेला दिसतो, दुर्लक्षित वाटत नाही. तिसरा आक्षेप असा, की कुरणही कधीतरी कापावंच लागतं, मग मोठं यंत्र लागणारच. खरं आहे, पण ते काम वर्षातून एकदाचं आहे. त्यासाठी भाड्याने ट्रॅक्टर बोलावणं, वर्षभर अवजड यंत्र पोसण्यापेक्षा परवडतं.

क्षेत्र कमी असलं की बॅटरीवरचं यंत्रही आवाक्यात येतं, कारण एका चार्जमध्ये किती एकर कापून होतात यावरच त्याची उपयुक्तता ठरते. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून अशा लहान पेट्रोल इंजिनांच्या नव्या उत्पादनांवर शून्य उत्सर्जनाची अट घातली, त्यामुळे बाजारही त्या दिशेने वळतो आहे. यंत्र कुठलंही असो, सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती ते देऊ नये आणि लहान मुलाला मांडीवर घेऊन चालवू नये, हा बालरोगतज्ज्ञांचा इशारा मोडण्यासारखा नाही. तेव्हा दुकानात जाण्याआधी आवाराचा नकाशा कागदावर काढा. बसण्याची, खेळण्याची, चालण्याची जागा त्यावर रंगवा, उतार मोजा आणि उरलेली जमीन कुरणाला द्या. रंगवलेल्या भागाला पुरेल एवढंच यंत्र घ्या. वेळ, पैसा आणि जमीन तिन्ही जपणारी खरेदी तीच.