नेट स्लो नाही, पत्ता चुकलाय

वेबसाइटचं पान उघडतं, मजकूर नीट वाचता येतो, पण फोटोच्या जागी फाटलेल्या चित्राची बारीकशी खूण दिसते. अशा वेळी दोन निदानं हटकून ऐकू येतात: नेट स्लो असेल, किंवा ब्राउझरची कॅश साफ करून बघा. बहुतेक वेळा दोन्ही चुकतात, कारण मुळातच एक गैरसमज आहे. फोटो पानातच असतो, असं आपण धरून चालतो. मार्क आंद्रेसन यांनी १९९३ साली इमेज टॅग सुचवला, तेव्हापासून आजपर्यंत पानात साधारणपणे फोटोचा फक्त पत्ता लिहिलेला असतो. ब्राउझर आधी पान आणतो, त्यातले पत्ते वाचतो आणि एकेका फोटोसाठी सर्व्हरकडे वेगळी मागणी करतो. मजकूर आला आणि फोटो आला नाही, याचा अर्थ या मागण्यांपैकी एखादी फसली. नेट खरोखर मंद असेल तर जागा बराच वेळ रिकामी राहते, किंवा फोटो वरून खाली तुकड्यातुकड्याने उतरतो. फाटक्या चित्राची खूण लगेच उमटली, तर बहुधा सर्व्हरचं उत्तर येऊन पोचलेलं आहे. ते न वाचताच इलाज सुरू करणं, हीच खरी चूक.

हे उत्तर आकड्यात असतं आणि ते कोणालाही बघता येतं. कॉम्प्युटरवर एफ१२ दाबावं, ‘नेटवर्क’ हा टॅब उघडावा आणि पान रिफ्रेश करावं. फोटोच्या नावासमोर ४०४ दिसलं तर त्या पत्त्यावर फाइलच नाही. ४०३ दिसलं तर फाइल असेलही, पण ती द्यायला सर्व्हरला मनाई आहे. फाइलची परवानगी चुकीची लावलेली असते, किंवा दुसऱ्याच्या वेबसाइटवरचा फोटो परस्पर वापरलेला असतो आणि त्या मालकाने तसं करणं बंद केलेलं असतं. ५०० किंवा त्यापुढचा आकडा म्हणजे सर्व्हरच अडचणीत आहे. सगळ्यात फसवा आकडा २००, म्हणजे ‘सगळं ठीक’. २०० येऊनही फोटो दिसत नसेल, तर बहुतेकदा फोटोच्या जागी भलतंच काही आलेलं असतं. गुगल ड्राइव्हची शेअर लिंक फोटोचा पत्ता म्हणून चिकटवली की नेमकं हेच होतं. ती लिंक फोटोची नाही, फोटो दाखवणाऱ्या एका पानाची असते, आणि पानाला फोटो म्हणून रंगवणं ब्राउझरला जमत नाही.

‘पण माझ्याकडे तर दिसतोय!’ हा दुसरा मोठा गैरसमज, आणि ४०४चं कोडं बहुतेकदा इथेच सुटतं. विंडोज आणि मॅक सहसा फाइलच्या नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी मानत नाहीत. लिनक्स मानतो, आणि वेबसाइटचे बरेचसे सर्व्हर लिनक्सवर चालतात. कॅमेऱ्याने नावाचा शेवट कॅपिटल अक्षरांत केला आणि पानात तो स्मॉल लिहिला, की घरच्या कॉम्प्युटरवर चालणारा फोटो सर्व्हरवर गायब होतो. पत्त्यात ‘सी ड्राइव्ह’ शिल्लक राहिला असेल, तर तो फोटो फार तर त्या एका कॉम्प्युटरवरच दिसणार. मराठी नावांची आणखी एक खोच आहे. ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो, आणि र व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण लिनक्स सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. जुन्या मॅकची फाइल व्यवस्था अशी अक्षरं सुटी करूनच साठवते. म्हणून फोटोखालची ओळ खुशाल मराठीत लिहावी, जरूर लिहावी. फाइलचं नाव मात्र स्मॉल रोमन अक्षरं आणि आकडे यांतच ठेवावं.

नावातलं ‘पीएनजी’ बदलून ‘जेपीजी’ केलं की फोटोचा प्रकार बदलतो, असंही पुष्कळांना वाटतं. नाव बदलतं, आतला मजकूर तोच राहतो. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठवू लागला. क्रोम आणि फायरफॉक्स तो प्रकार दाखवत नाहीत, आणि नाव बदलल्याने दाखवू लागत नाहीत. फोटो रूपांतर करूनच चढवावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, कॅश साफ केल्यावर काम झालेलं आम्ही पाहिलंय. होतंही, पण मुख्यतः नव्या फोटोऐवजी जुना दिसत असेल तेव्हा. पत्ता चुकलेला असताना कॅश पुसून काहीच साधत नाही. उलट, सर्व्हरवरून फोटो उडाला तरी चढवणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये जुनी प्रत राहते आणि त्याला सगळं ठीक वाटत राहतं. त्यामुळे तपासणी इन्कॉग्निटो खिडकीत आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर करावी. दुसरा आक्षेप असा की शाळेची किंवा पतसंस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्या कारकुनाने एफ१२च्या भानगडीत का पडावं? रास्त आहे. त्याच्यासाठी सोपी वाट आहे: फाटक्या खुणेवर राइट क्लिक करून ‘ओपन इमेज इन न्यू टॅब’ निवडावं. फोटो उघडला तर दोष बहुधा पानात आहे. नकाराचा संदेश आला तर फाइलमध्ये, पत्त्यात किंवा सर्व्हरवर. वेबसाइट बनवणाऱ्याला फोन करताना ‘फोटो दिसत नाही’ एवढंच सांगू नका. पानाचा पत्ता, फोटोचा पत्ता आणि पडद्यावर आलेला आकडा, या तीन गोष्टी आधी कळवा.